एका नाईकाचे नाव

माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी तो पहिल्यांदा पाहिला, तेव्हा 'नाईक यशवंत घाडगे' असे वाचून मला वाटले होते की, या माणसाचे नाव नाईक, वडिलांचे यशवंत आणि आडनाव घाडगे. माझीच चूक होती असे नाही. आजही व्याख्यानांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरांत हा घोटाळा होतो. नाईक हा हुद्दा आहे. शिपाई, लान्सनाईक, नाईक, हवालदार अशी ती चढण असते. नाईकाच्या बाहीवर दोन फिती आणि हाताखाली आठ-दहा माणसांची तुकडी. पायदळात याहून लहान तुकडीच नसते. म्हणजे ज्याला आपण परमवीर म्हणून हार घालतो, तो लष्कराच्या हिशेबात तळापासून तिसऱ्या पायरीवरचा माणूस होता.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. वाणिज्य शाखेत शिकलो आणि पोटासाठी हिशेब लिहीत आलो. लष्करी कागद वाचायला शिकलो तो घरातल्या एका पदकामुळे. ते पदक आमच्या देव्हाऱ्यात होते. खंडोबाचा आणि पूर्वजांचा असे चांदीचे टाक, त्यांच्या ओळीत हे पदकही मांडलेले. दर सणाला इतर टाकांबरोबर त्यालाही चिंच लावून घासायचे, गंध लावायचे. आजीला विचारले की ती म्हणे, "माझ्या चुलत्याचा टाक आहे तो. बसऱ्याला गेला, तिकडेच राहिला." पदकावरचा चेहरा चुलत्याचा नसून पाचव्या जॉर्ज बादशहाचा आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळले. आजीला ते सांगायचा धीर मला शेवटपर्यंत झाला नाही.

साठ-सत्तर वर्षांच्या घासण्याने बादशहाचे नाक गेले होते. पण पदकाच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरे ठोकलेली होती. भिंग लावून वाचली तेव्हा एक नंबर, 'सिपॉय' हा हुद्दा, चुलत आजोबांचे नाव आणि शेवटी '११० मराठाज' एवढे निघाले. त्या एका ओळीच्या मागे लागून मी पंचवीस वर्षे फिरतो आहे. यशवंत घाडगे मला त्या वाटेवरच भेटले, कारण दोघांची पलटण एकच होती.

एकच पलटण, दोन भिंती

पहिल्या महायुद्धातली ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री १९२२ च्या पुनर्रचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. १०३ वी पहिली झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी. जुने आकडे गेले, माणसे आणि निशाणे राहिली. म्हणून १९१६ साली मेसोपोटेमियात संपलेला शिपाई आणि १९४४ साली इटलीत पडलेला नाईक हे एका पलटणीच्या दोन पिढ्या आहेत. त्यांच्या मरणाची नोंद कशी झाली, हे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे.

मेसोपोटेमियात जनरल टाउनशेंडच्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये ११० वी होती. १०३ वी आणि ११७ वी या मराठा पलटणीही होत्या. बगदादच्या दिशेने निघालेली ही फौज मागे रेटली गेली आणि तैग्रिसच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ पासून वेढा पडला. २९ एप्रिल १९१६ रोजी, शिधा संपल्यावर शरणागती झाली. सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती गेली. त्यांत बहुसंख्य हिंदी शिपाई आणि बाजारबुणगे होते. वाळवंटातून चालवत नेताना आणि नंतर रेल्वेच्या कामावर त्यातले हजारो मेले.

या मोहिमेत ज्यांची कबर सापडत नाही, त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक उभारले गेले. १९२९ साली ते खुले झाले. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक आहे. त्यावर ब्रिटिश शिपायाचे नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचेही आहे. हिंदी शिपायांचे मात्र नाव नाही. पलटणीचे नाव आणि त्यापुढे मेलेल्यांचा आकडा, एवढेच. हे स्मारक १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या राजवटीने मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेले, ही त्यापुढची गोष्ट.

शिपायांची नावे ठाऊक नव्हती म्हणून आकडा लिहिला, असे सांगितले जाते. ते खरे मानायला मी तयार नाही. त्याच सरकारने त्याच माणसाचे नाव नंबरासकट पदकाच्या कडेवर ठोकून घरी पाठवले होते. ते आमच्या देव्हाऱ्यात होते. नाव होते, दगडावर ते कोरण्याइतके महत्त्वाचे वाटले नाही. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच्याच इतिहासाची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धातल्या किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांची नावाने किंवा अजिबातच नोंद झाली नाही, हे त्यात मान्य केले आहे. त्यात पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन लोक मुख्यतः होते. कोकणातल्या आणि देशावरच्या काही गावांत तेव्हाच्या सरकारने बसवलेल्या संगमरवरी पाट्या अजून आहेत. या गावातून इतकी माणसे महायुद्धावर गेली आणि त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. तिथेही गावाला नाव, माणसांना आकडा.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रकार बदलला. इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर, कबर नसलेल्या चार हजारांहून अधिक सैनिकांत, हिंदी शिपायांचीही नावे आहेत. त्यांत यशवंत घाडगे हे नाव आहे. ज्या पलटणीचे शिपाई बसऱ्याला आकडा होते, त्याच पलटणीचा नाईक अठ्ठावीस वर्षांनी नावाने उभा आहे. साम्राज्याला एकाएकी माया आली, असा याचा अर्थ मी लावत नाही. मधल्या काळात हिंदुस्थान बदलला होता. शिपायाच्या मागे त्याचे नाव विचारणारे लोक उभे राहिले होते.

सोळा रुपये आणि एक पीक

यशवंतचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. इथून पुढे मी त्याचा एकेरी उल्लेख करणार आहे. अनादर नाही. तो गेला तेव्हा बावीस वर्षे आणि आठ महिने पुरे व्हायला काही दिवस कमी, एवढे त्याचे वय होते. माझा धाकटा मुलगा आज त्याच्याहून मोठा आहे.

तेव्हाचा कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड. माणगावचा मुलूख सह्याद्रीच्या पायथ्याचा, रायगड किल्ल्याच्या शेजारचा. पाऊस उदंड, आणि तरीही शेत एकाच पिकाचे. भात कापले की जमीन मोकळी आणि माणूसही मोकळा. वरकस जमिनीत नाचणी-वरी. त्यातून खोताचा वाटा द्यायचा. खोती किती जाचक होती, ते याच जिल्ह्याने दाखवून दिले. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने १९३३ मध्ये जमीन कसायचीच नाही असा संप केला, तो १९३९ पर्यंत चालला. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. यशवंत तेव्हा पंधरा वर्षांचा होता.

अशा घरातल्या पोराला दोन वाटा. एक मुंबईची, गिरणी किंवा गोदीकडे जाणारी. दुसरी पलटणीची, बेळगावकडे जाणारी. बेळगाव हे मराठा रेजिमेंटचे केंद्र. युद्धाच्या सुरुवातीला शिपायाचा मूळ पगार महिना सोळा रुपये होता, पुढे तो अठरा झाला. ब्रिटिश सोजिराला याच्या कितीतरी पट मिळत. तरीही सोळा रुपये रोख, वर दोन वेळचे जेवण, कपडे आणि बूट. ज्या घरात रोकड दिसायची ती भात विकल्यावर वर्षातून एकदा, त्या घराला महिन्याची मनिऑर्डर म्हणजे काय, हे कोकणात वेगळे सांगायला नको. युद्धाच्या काळात हिंदी सैन्य दोन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेले. जगातली सर्वांत मोठी स्वेच्छेने भरती झालेली फौज, असे तिचे वर्णन करतात. 'स्वेच्छा' हा शब्द वाचताना सोळा रुपये आणि एक पीक आठवावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

पण केवळ पोटासाठी गेले, हेही अर्धे सत्य. पलटणीला स्वतःची अब्रू असते आणि ती अब्रू पोरांना लागते. तिसऱ्या बटालियनने मार्च १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत पिनॅकल नावाची टेकडी इटालियनांच्या हातून घेतली. तेव्हा तिचा कमांडिंग ऑफिसर होता डेनिस रीड. हा रीड पुढे ब्रिगेडियर झाला, जून १९४२ मध्ये वाळवंटात पकडला गेला, इटलीत कैदेत पडला, तिथून निसटला आणि १९४४ च्या सुरुवातीला दहाव्या हिंदी डिव्हिजनचा सेनापती झाला. याच डिव्हिजनमध्ये त्याची जुनी मराठा पलटण होती. ज्या देशात तो कैदी होता, त्याच देशात तो आपल्याच पलटणीच्या पोरांना घेऊन परत आला.

टायबरचे खोरे

इटलीत सुमारे पन्नास हजार हिंदी सैनिक लढले. चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन डिव्हिजन. त्यांतले ५,७८२ परतले नाहीत. ४ जून १९४४ रोजी रोम पडले आणि जर्मन सैन्य उत्तरेकडे हटू लागले. हटणे म्हणजे पळणे नव्हे. प्रत्येक टेकडीवर मशिनगन ठेवायची, पुढे येणाऱ्याला दिवस-दोन दिवस अडवायचे, त्याने घेरण्याची तयारी केली की रातोरात मागच्या टेकडीवर जायचे. त्यांना वेळ हवा होता, कारण मागे त्यांची पुढची मोठी फळी बांधून व्हायची होती. पेरुजिया २० जूनला मोकळे झाले आणि जूनअखेर दहाव्या डिव्हिजनने टायबर नदीच्या वरच्या खोऱ्याची आघाडी हाती घेतली.

रोममधून वाहणारी हीच टायबर वर लहानशी नदी आहे. दोन्ही बाजूंना उतरत्या टेकड्या, ऑलिव्ह आणि द्राक्षांचे मळे, ओकची रानं, मध्येच दगडी घर. उंबेर्तिदे हे खोऱ्यातले गाव. त्याच्या उत्तरेला टेकडीच्या माथ्यावर तटबंदीत वसलेले मॉन्टोने. पंधराव्या शतकात नावाजलेला सरदार ब्राच्चो या मॉन्टोनेचा. गडाखाली वाढलेल्या माणगावच्या पोरांना तटबंदीचे गाव परके वाटले नसावे.

त्या खोऱ्यातल्या लोकांनी त्या वर्षी काय पाहिले होते, तेही लक्षात घ्यायला हवे. मराठे तिथे पोचण्याच्या काही दिवस आधी, २८ जूनला, उंबेर्तिदेजवळच्या पेनेतोला इथल्या एका शेतघरात जर्मन सैनिकांनी बारा माणसे कोंडून मारली. त्यांत मुलेही होती. म्हणून इंग्रजांच्या साम्राज्यासाठी लढणारा हिंदी शिपाई हा त्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने साम्राज्याचा नव्हता. त्याच्या येण्याने जर्मन गेले, इतकेच त्यांना कळत होते.

१० जुलै १९४४

त्या दिवसाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, ते मुख्यतः व्हिक्टोरिया क्रॉसच्या प्रशस्तिपत्रातून. नोव्हेंबर १९४४ मध्ये ते लंडन गॅझेटमध्ये छापून आले. मजकूर फार तर पंधरा ओळींचा. मी तो कितीदा वाचला असेल याला गणती नाही. हिशेबनीस माणूस जसा ताळेबंद वाचतो, तसा तो एकेक कलम पाहत वाचावा लागतो.

कंपनीने शत्रूच्या मजबूत ठाण्यावर हल्ला केला. यशवंतची रायफल तुकडी जवळच्या अंतरावरून मशिनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीतला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. उरला फक्त तुकडीचा प्रमुख. आपल्याबरोबर यायला कोणी उरलेले नाही, हे पक्के ठाऊक असताना तो क्षणाचाही विचार न करता टॉमीगन झाडत मशिनगनवर धावून गेला. हातबाँब टाकला, त्यात मशिनगन आणि ती चालवणारा निकामी झाले. मग गनच्या ताफ्यातल्या एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिने ठेचून मारले. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने घेतलेल्या त्या मोर्चातच त्याने प्राण सोडला.

आपल्याकडच्या सांगण्यात या आकड्याला फाटे फुटतात. कोणी वीस जर्मन सांगतो, कोणी पन्नास. कागदात चार आहेत. एक बाँबने, एक गोळीने, दोन दस्त्याने. मला चारच पुरेसे वाटतात. आकडा फुगवला की तो पोवाड्यातला वीर होतो आणि त्या क्षणी मातीत उभा असलेला बावीस वर्षांचा पोरगा आपल्या नजरेआड होतो.

मॅगझिनचेच घ्या. टॉमीगन म्हणजे थॉम्पसन सबमशिनगन. तिच्या पेटीसारख्या मॅगझिनमध्ये वीस किंवा तीस गोळ्या. घोडा दाबून धरला तर दोन-तीन सेकंदांत सगळ्या संपतात. यशवंत धावत, झाडत गेला आणि वर एकाला टिपलेही. म्हणजे तिथवर पोचेपर्यंत मॅगझिन रिकामे झाले, यात नवल नाही. भरलेले मॅगझिन पट्ट्याच्या थैलीतून काढून चढवायला तरबेज माणसालाही काही सेकंद लागतात आणि दोन माणसे हातभर अंतरावर आहेत. बंदूक रिकामी असताना पाच किलोच्या आसपास भरते. नळी इतक्या गोळ्या झाडून तापलेली. ती त्याने उघड्या हाताने धरली. प्रशस्तिपत्रात यातले काही लिहिलेले नाही. हत्याराचे तपशील पाहिले की ते आपोआप दिसते. शौर्य म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, पण त्या तळहाताचा विचार मात्र अनेकदा येतो.

आता त्या ताळेबंदाची दुसरी बाजू. 'मेले किंवा जखमी झाले' या चार शब्दांत आठ-नऊ माणसे आहेत. त्यांच्याबरोबर यशवंतने आदली रात्र काढली होती, त्यांच्याच ताटाला ताट लावून जेवला होता. नाईक म्हणजे तुकडीचा घरधनी. कोणाच्या पायाला फोड आहे, कोणाच्या घरून पत्र नाही, ब्रेनगन आज कोणाकडे द्यायची, हे त्याने पाहायचे. मराठा पलटणीतली तुकडी म्हणजे रत्नागिरी, कुलाबा, सातारा, कोल्हापूर, पुणे, बेळगाव इथली पोरे. ती काही सेकंदांत डोळ्यांसमोर पडली. पुढे जे घडले, ते वीररसात सांगायची आपली रीत आहे. मला त्यात संताप दिसतो आणि आता मागे फिरून कोणाला तोंड दाखवायचे, हा प्रश्नही दिसतो. तो तुकडीचा प्रमुख होता आणि तुकडी उरली नव्हती.

ही माणसे नाव नसलेली नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवे. युद्धकबर आयोगाच्या नोंदवहीत दुसऱ्या महायुद्धातल्या मृत हिंदी शिपायाची नोंद साधारणपणे अशी असते: नंबर, हुद्दा, नाव, पलटण, मृत्यूची तारीख, वय, अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, गाव, तालुका. इंग्रजी लेखनिकांनी गावांची नावे अशी काही लिहिली आहेत की मोठ्याने उच्चारल्याशिवाय गाव कळत नाही. मी संध्याकाळी ती मोठ्याने वाचतो. बायको म्हणते, जप चालला आहे. एखादे गाव ओळखू आले की नकाशावर टिंब करतो. पराक्रमाची कथा एकाची आहे. टिंबे पुष्कळ आहेत.

गेल्यानंतर

१९४५ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते यशवंतच्या तरुण पत्नीला व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. इटलीच्या मोहिमेत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले सहा हिंदी सैन्याला मिळाले. सहांपैकी दोन मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. दुसरा नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांचा, ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवरच्या लढाईतला. जाधव जिवंत परतले, आपल्यात चाळीस वर्षे वावरले. यशवंतचे नाव आले ते पदकाच्या पेटीतून.

आणि इथे तो प्रश्न उभा राहतो, जो मला व्याख्यानानंतर दरवेळी कोणीतरी विचारतो. कधी तावातावाने, कधी बाजूला घेऊन हळूच. हा माणूस कोणासाठी मेला?

प्रश्न टाळता येत नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव' झाले. त्याच कुलाबा जिल्ह्यात महाडला सप्टेंबरमध्ये मोर्चावर गोळीबार झाला. माथेरानचे भाई कोतवाल विजेचे मनोरे पाडत रानावनात राहिले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीने हुतात्मा झाले. तेही याच जिल्ह्याचे. एक सरकारच्या गोळीने गेला, दुसरा सरकारचा गणवेश घालून. दोघांत दीड वर्षाचे अंतर. स्वातंत्र्यानंतर पहिल्याचे नाव घेणे सोपे होते. दुसऱ्याचे घ्यायला जीभ अडखळायची. त्याला शूर म्हणावे तर इंग्रजांची चाकरी, न म्हणावे तर आपलाच पोरगा. आपण मधला मार्ग काढला. पुतळा केला आणि विषय संपवला.

माझे उत्तर मी एवढेच देतो की, ज्याला आपण निवड म्हणतो ती दोघांना सारखी मिळाली नव्हती. कोतवाल वकील होते. त्यांनी जे सोडले ते त्यांच्याकडे होते, आणि म्हणून त्यांचा त्याग फार मोठा. यशवंतकडे सोडण्यासारखे सोळा रुपयेच होते आणि ते त्याने घरी पाठवायला घेतले होते. दोघांना एका तराजूत घालू नये. आणि एकाची आठवण ठेवण्यासाठी दुसऱ्याला विसरायची गरज नाही. शिवाय फॅसिस्टांविरुद्धचे ते युद्ध जिंकले जाणे आवश्यक होते, हे पेनेतोलाच्या शेतघराकडे पाहून कोणी नाकारणार नाही. ते युद्ध जिंकायला निघालेले साम्राज्य आपल्याला स्वातंत्र्य द्यायला तयार नव्हते, हेही तितकेच खरे. दोन्ही खरी असतात. शिपाई त्या दोन खऱ्यांच्या मध्ये सापडतो.

जुलै २०२३ मध्ये मॉन्टोनेच्या नगरपालिकेने, इटालियन लष्करी इतिहासकारांनी आणि तिथल्या भारतीय दूतावासाने मिळून यशवंतचे स्मारक केले. तोफा नाहीत, संगिनी नाहीत. ते एक सूर्यघड्याळ आहे. काटा नसलेले, सावलीवर वेळ सांगणारे. त्यावर लॅटिन ओळ आहे, तिचा अर्थ 'आपण सारे एकाच सूर्याखाली'. माणगावचा पोरगा आणि त्याने मारलेले ते चार जर्मन, सगळे त्यात आले. त्या चौघांनाही कोणीतरी मनिऑर्डरीची वाट पाहणारे असेलच.

आमच्या देव्हाऱ्यातले पदक आता मी काढून पेटीत ठेवले आहे. घासून घासून कडेवरची अक्षरेही जाऊ लागली होती. आईला ते आवडले नाही. ती म्हणाली, "टाक देव्हाऱ्यातच पाहिजे." शेवटी तोडगा असा निघाला की, सर्वपित्रीला पदक पेटीतून काढायचे, देव्हाऱ्यात मांडायचे, आणि घासायचे नाही. मागच्या वर्षी मांडले तेव्हा आईने विचारले, कडेला लिहिलेय ते काय आहे, वाच. मी नंबर वाचला, हुद्दा वाचला, नाव वाचले. ती म्हणाली, नाव पुन्हा वाच.

वाचकांपैकी कोणाच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत किंवा देव्हाऱ्यात, असे पदक असेल. चांदीचे असेल तर कडा पाहा. दुसऱ्या महायुद्धातला सहा टोकांचा तारा असेल तर मागची बाजू पाहा. ब्रिटिश शिपायांना ते तारे कोरे दिले गेले, हिंदी शिपायांच्या ताऱ्यांवर मात्र नंबर आणि नाव कोरून आले. मोडीत घालण्याआधी तेवढे एकदा मोठ्याने वाचा.